रेडॉन आणि कार्बन मोनॉक्साइड: तळघरातली गल्लत

“बेसमेंटमध्ये डिटेक्टर आहे की, मग रेडॉनची टेस्ट कशाला?” न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात घर घेणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे हमखास ऐकू येतं. तो डिटेक्टर असतो कार्बन मोनॉक्साइडचा. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू कितीही साचला तरी तो डिटेक्टर गप्पच राहणार.

दोन्ही वायूंना रंग नाही, वास नाही, म्हणून ही गल्लत होते. पण कार्बन मोनॉक्साइड घरातच तयार होतो: घर गरम करणारा पण बिघडलेला फर्नेस, गॅसवरचा वॉटर हीटर, गॅरेजमध्ये चालू राहिलेली गाडी. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. अलार्म वाजला की सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं.

रेडॉन येतो जमिनीतून. खडकातल्या युरेनियमचं रेडियम होतं, रेडियमचा रेडॉन. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते, खाली दाब कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, संप पंपाच्या (तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून मातीतली हवा आत ओढली जाते. रेडॉन जड म्हणून तळघरात बसतो, असं अनेकजण सांगतात. तसं नाही, तळघर मातीला लागून असतं, म्हणून तिथे तो जास्त सापडतो. श्वासातून आत गेलेला रेडॉन बराचसा बाहेरही पडतो. घात करतात ते त्याच्यापासून बनलेले पोलोनियमचे कण. ते फुप्फुसात चिकटतात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. त्रास काहीच जाणवत नाही, कर्करोग मात्र अनेक वर्षांनी उभा राहतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याचा धोका कितीतरी वाढतो.

१९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाचा अलार्म वाजू लागला. केंद्रातून अजून वीज निघायचीच होती. किरणोत्सर्ग तो घरून घेऊन येत होता! त्याच्या घरात रेडॉन निघाला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). अमेरिकेत ४ किंवा त्याहून जास्त निघाला की उपाय करा म्हणतात.

टेस्टचा डबा स्वस्तात मिळतो. खिडक्या बंद ठेवून किमान ४८ तास तो सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर ठेवायचा. आकडा जास्त आला तर फरशीखालून पाइप काढून पंख्याने ती हवा छपराच्या वर सोडतात. पंखा बसवल्यावर पुन्हा मोजा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर काढू नका.