सर, सिस्टर आणि मावशी: पुण्याच्या रुग्णालयांतल्या ‘टीम’ची पार्श्वभूमी

हॉस्पिटलात पाय ठेवला की नातीगोती सुरू होतात. परिचारिका ‘सिस्टर’, पुरुष परिचारक ‘ब्रदर’, स्ट्रेचर ढकलणारे ‘मामा’, बेडपॅन देणाऱ्या ‘मावशी’. डॉक्टर तेवढे या नात्यांत बसत नाहीत. ते ‘सर’ किंवा ‘मॅडम’. ऐकायला घरगुती वाटतं, पण कोणी बोलायचं आणि कोणी मान डोलवायची हे या हाकांमध्येच ठरून जातं. ‘टीमवर्क’ हा शब्द हल्ली उठताबसता कानावर पडतो. त्याच्या आधीची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. त्या काळी इंग्रजी अमलाखालच्या रुग्णालयांची घडी सरळ होती: डॉक्टरांनी हुकूम द्यायचा, मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, तो वॉर्डात राबवायचा. ही उतरंड किती महागात पडते ते प्लेगने दाखवलं. १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीने घरोघरी गोरे सोल्जर घुसवले. डॉक्टर होते, इस्पितळं होती, पैसाही होता. नव्हता तो घरातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणारा दुवा. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास सर्वांना पाठ असतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करत होते आणि १० मार्चला सावित्रीबाई त्यातच गेल्या, हे मात्र पुष्कळदा वेगळ्या धड्यात शिकवलं जातं. माझ्या मते हे दोन्ही धडे एकत्रच वाचायला हवेत.

दुवा घडवण्याचं काम पुढे रमाबाई रानडे यांनी अंगावर घेतलं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या स्त्रिया नर्सिंग शिकायला ससूनमध्ये जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, वर रात्रपाळी: पेठांमधल्या सोवळ्यात हे बसणारं नव्हतं. न्यायमूर्तींच्या विधवेचा शब्द पाठीशी नसता तर किती घरांनी मुली धाडल्या असत्या, शंकाच आहे. यातून मिळालेली गोष्ट निव्वळ मनुष्यबळाची नव्हती. वाचता-लिहिता येणारी, रोग्याच्या आईशी मराठीत बोलणारी बाई वॉर्डात उभी राहिली, आणि रोग्याचं म्हणणं डॉक्टरांच्या कानावर घालणारं कुणीतरी असू लागलं.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सर जोसेफ भोर यांच्या समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, दाई असा एकत्र गट. कागदावर छान. पुणे जिल्ह्यात त्याला जीव आणणाऱ्यांत डॉ. बानू कोयाजी यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९४४ पासून त्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात होत्या. सत्तरच्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात गावच्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण देऊन हाताशी धरलं. कुणाचा खोकला महिनाभर हटत नाही, कुठल्या सुनेचे दिवस भरत आलेत, हे शहरातून जीपने येणाऱ्या डॉक्टरला कुठून कळणार? माहिती खालून वर येऊ लागली, ही खरी उलटापालट. १९९३ मध्ये कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर आलेल्या आशाताईंचं काम याच जातकुळीचं आहे. त्यांचा मोबदला हा वेगळा आणि दुखरा विषय.

शहरी ऑपरेशन थिएटरात उतरंड जास्त चिवट. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून ती तपासायची. त्यातलं एक कलम फारच साधं आहे: चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. हेतू असा, की एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही चुकतंय असं दिसल्यावर गप्प राहत नाही. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘सर’ आणि ‘मामा’ एवढ्यावर भागवणाऱ्या आपल्या थिएटरांना नाव सांगण्याचं हे कलम सर्वांत अवघड वाटावं, यात नवल नाही.

मग ९ मार्च २०२० आला. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. पुढच्या काही महिन्यांत वॉर्डावॉर्डांत सगळेच एका पांढऱ्या पोशाखात. सर कोण, सिस्टर कोण, मावशी कोण, ओळखू येईना. म्हणून या पीपीई किटच्या छातीवर, पाठीवर मार्करने नावं लिहिली जाऊ लागली. मावशींचंही. ड्यूटी संपली की ते किट दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायचं.