रेडिओतली खरखर येते कुठून?

छोट्या विमानाच्या रेडिओत खरखर सुरू झाली की पहिला संशय मोबाइलवर जातो. पण पुष्कळदा खरा दोषी असतो मोबाइलला जोडलेला यूएसबी चार्जर. लहरी सोडणं हे त्याचं कामच नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

विमानातल्या 12 किंवा 24 व्होल्टच्या विजेतून 5 व्होल्ट मिळवण्यासाठी चार्जरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. ही उघडझाप जितकी झटकन होते, तितक्या वरच्या वारंवारतेच्या लहरी तिच्यातून निघतात: मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, अगदी शेकडो पट. त्या 118 ते 137 मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात आणि वैमानिक व नियंत्रण कक्ष यांचं बोलणं नेमकं याच पट्ट्यात चालतं. चार्जरची वायर आयतीच अँटेना बनते. या लहरी अडवणारे फिल्टर चार्जरमध्ये बसवता येतात, पण किंमत कमी ठेवताना बहुधा त्यांच्यावरच काट मारली जाते.

मोठ्या विमानात प्रवासी आणि अँटेना यांच्यामध्ये बहुधा धातूचं कवच असतं. छोट्या विमानात अँटेना जेमतेम एक-दोन मीटरवर असते, आणि सांगाडा फायबरचा किंवा कापडाने मढवलेला असेल तर मध्ये आडोसाच नसतो. खरखर नको म्हणून वैमानिक स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक पातळीपेक्षा क्षीण आवाज बंद ठेवणारी रेडिओतली सोय, वाढवतो. मला यातला खरा धोका इथे दिसतो, कारण खरखरीसोबत दूरच्या केंद्राचा क्षीण आवाजही बंद होतो आणि तो बंद झाल्याचं कळतसुद्धा नाही.

जीपीएसचं दुखणं आणखी नाजूक. सुमारे 20,000 किलोमीटरवरून येणारा त्याचा संदेश इतका दुबळा असतो की काचेजवळ लावलेला छोटा कॅमेराही त्याला झाकोळू शकतो. कधी विमानाचा स्वतःचाच रेडिओ आड येतो: 131.285 मेगाहर्ट्झची बारा पट म्हणजे 1575.42, आणि तीच जीपीएसची वारंवारता!

हा त्रास जुनाच आहे. 1960च्या दशकात प्रवाशांचे एफएम रेडिओ अमेरिकेत काळजीचा विषय झाले होते. अशा रेडिओच्या आत ऐकत असलेल्या केंद्रापेक्षा 10.7 मेगाहर्ट्झ वरची लहर तयार होते. 100 मेगाहर्ट्झचं केंद्र लावलं की ती 110.7 वर, म्हणजे दिशादर्शक व्हीओआर यंत्रणेच्या पट्ट्यात पडते.

दोषी शोधताना नुसता फोन बंद करून भागत नाही, कारण सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर चालूच असतो. तो उपसून काढायचा, मग एकेक उपकरण पुन्हा जोडत रेडिओ ऐकायचा, आणि हे सगळं जमिनीवर असतानाच करायचं.