चालढकल म्हणजे आळस नव्हे

‘काम पुढे ढकलतोय म्हणजे आळशी आहे,’ ही समजूत फार जुनी. तिच्या जोडीला दुसरी: ‘मला सगळं अचूक लागतं, म्हणून उशीर होतो.’ दोन्हींत गफलत आहे.

आळशी माणूस काम टाळून निवांत असतो. चालढकल करणारा अहवालाचं पहिलंच वाक्य पुन्हापुन्हा खोडतो, मग उठून कपाट आवरायला घेतो आणि घड्या घालतानाही त्याचा जीव अहवालातच अडकलेला असतो. त्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. अचूकतेचा आग्रह आणि चालढकल यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. उतावळेपणा आणि कामाचा तिटकारा यांच्याशी मात्र ठळक. २०१७ च्या आणखी एका एकत्रित विश्लेषणात नेमकी फोड झाली. स्वतःसमोर उंच ध्येय ठेवणारे उलट कमी रेंगाळतात. जास्त रेंगाळतात ते ‘चुकलं तर? लोक काय म्हणतील?’ या धास्तीने ग्रासलेले.

त्यामुळे ‘थोडं कमी चांगलं कर’ हा सल्ला मला पटत नाही. दर्जा राहू द्या. पहिला खर्डा मात्र कुणालाही दाखवायचा नाही, एवढं ठरवून लिहायला बसा.