टिंक्चर आणि आसव: दोन्हीत अल्कोहोल, पण बरणी एकसारखी भरू नका

दोन्ही बाटल्या तपकिरी, दोन्हीत झाडपाल्याचा उग्र वास, दोन्हीत अल्कोहोल, आणि घरात दोन्ही एकाच कपाटात जातात, म्हणजे घोळ होणारच. ठाण्यात आमच्या मजल्यावरच्या काकू, मी आल्याचं टिंक्चर गाळत होते तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "अगं, हे म्हणजे घरचं आसवच की!"

"नाही हो काकू, ह्यात दारू आपण बाहेरून ओततो, आसवात ती आतल्या आत तयार होते."

"मग काय फरक पडतो, पोटात गेल्यावर दारू ती दारूच."

पोटात गेल्यावरचं नंतर बघू, पण बरणीत असताना प्रचंड फरक पडतो. बरणी किती भरायची, झाकण घट्ट की सैल, चोथा पिळायचा की नाही, बाटली किती दिवस टिकणार आणि घ्यायचं थेंबाने की चमच्याने, ह्या प्रत्येक बाबतीत एकाचा नियम दुसऱ्याला लावला की काहीतरी बिघडतं, आणि एखाद्या वेळी बाटली फुटतेसुद्धा.

आधी टिंक्चर. वाळलेली वनस्पती भरड करायची, बरणीत घालायची, वरून पिण्यायोग्य कडक दारू ओतायची आणि दोन ते सहा आठवडे अंधारात ठेवून रोज हलवायची, बस. वाळलेल्या मालाला साधारण एकास पाच, म्हणजे १०० ग्रॅमला ५०० मिली. आपल्याकडच्या व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के छापलेलं असतं, ते वाळलेल्या आल्याला, बडीशेपेला, ज्येष्ठमधाला पुरतं. (महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही लागतं, १९४९चा दारूबंदी कायदा आहे तो, त्यामुळे "औषधासाठी घेतोय" म्हणून सुटका नाही.) अमेरिकन व्हिडिओत जी ९५ टक्क्यांची धान्याची दारू दाखवतात ती आपल्या वाइन शॉपमध्ये मिळत नाही, आणि मग लोक मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट नाहीतर हार्डवेअरवाल्याकडून पॉलिशचं स्पिरिट आणायचा विचार करतात. अजिबात नाही. त्यात पिण्यासाठी नसलेली रसायनं मुद्दाम घातलेली असतात, मिथेनॉलही असू शकतं, आणि मिथेनॉल काय करतं ते २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली तेव्हा सगळ्या मुंबईने बघितलंय.

ओल्या पाल्याचं गणित वेगळं आहे आणि बहुतेकांचं इथेच फसतं. ताज्या तुळशीत ढोबळमानाने ८० टक्के पाणीच असतं. २०० ग्रॅम ताजी तुळस बरणीत ठासली आणि वर २०० मिली व्होडका ओतली तर अल्कोहोल झालं ८५ मिलीच्या आसपास, पण एकूण पातळ पदार्थ मात्र पाल्यातलं १६० मिली पाणी धरून ३६० मिली, म्हणजे ४२.८ची ताकद उतरून २४ टक्क्यांवर आली. टिकण्यासाठी साधारण २० ते २५च्या वर हवं म्हणतात, म्हणजे आपण अगदी काठावर, आणि वर तरंगणाऱ्या दोन पानांवर पांढरी बुरशी धरायला ठाण्याचा जुलै पुरेसा आहे. म्हणून पाला आधी सावलीत एक-दोन दिवस सुकवा, पावसाळ्यात पंख्याखाली सुकवा, नाहीतर दारूचं प्रमाण दुप्पट करा, आणि एकही पान दारूच्या वर डोकावता कामा नये. बरणी गळ्यापर्यंत भरायची, झाकण घट्ट.

आता आसव. आसव आणि अरिष्ट ही दोन भावंडं, काढा उकळून त्याचं केलं की अरिष्ट, न उकळता केलं की आसव. इथे दोघांनाही आसवच म्हणते. ह्यात दारू ओततच नाहीत. काढ्यात किंवा रसात गूळ-मध घालतात, धायटीची फुलं घालतात, सुंठ-मिरी-वेलदोड्यासारखी पूड घालतात आणि भांडं बंद करून ठेवतात. फुलांवरचं आणि हवेतलं यीस्ट गूळ खातं, अल्कोहोल तयार होतं आणि वनस्पतीतलं जे काय त्यात उतरायचं ते हळूहळू उतरतं. शार्ङ्गधर संहितेत, जिथे वेगळं माप दिलेलं नाही तिथे काय धरायचं ते सांगितलंय: एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध, दहावा हिस्सा प्रक्षेप, म्हणजे वरून घालायची पूड. द्रोण आणि तुला ही जुनी मापं. आजच्या हिशोबात साधारण १२ लिटरला पावणेपाच किलोच्या आसपास गूळ. एवढ्या गोडातून शेवटी अल्कोहोल होतं ५ ते १० टक्के, बाकीची साखर तशीच राहते, म्हणून तर दशमूलारिष्ट गोडसर लागतं. दुकानातल्या बाटलीवर सेल्फ जनरेटेड अल्कोहोल लिहिलेलं असतं ते हेच.

म्हणजे टिंक्चरची बरणी पहिल्या दिवसापासून मेलेली असते, चांगल्या अर्थाने, त्यात जंतू-बिंतू काही वाढत नाही. आसवाची बरणी जिवंत असते, ती श्वास सोडते. आणि तो श्वास किती असतो ह्याचा अंदाज लोकांना नसतो: एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. आसवात सगळी साखर आंबत नाही, पण पाचवा हिस्सा आंबली तरी पन्नास लिटर गॅस झाला, आणि तो काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आसवाची बरणी गळ्यापर्यंत भरत नाहीत, वर निदान चौथा-तिसरा हिस्सा रिकामा ठेवतात, सुरुवातीचे दिवस तोंडाला नुसतं कापड बांधतात, फेस आणि सूं सूं आवाज बसला की मगच बंद करतात. पूर्वी मातीच्या घड्याला आतून तूप चोपडून, धुरी देऊन, तोंड कापड-मातीने लिंपून घडा धान्याच्या राशीत पुरायचे. तुपाने भोकं बुजतात, धुरीने बुरशी कमी होते, आणि धान्यात उष्णता एकसारखी राहते. आपल्याकडे उष्णतेचा तसा प्रश्न नाही, कोकणपट्टीच्या हवेत यीस्ट खूश असतं, पण त्याच हवेत आंबट करणारे जंतूही खूश असतात.

झालं की नाही ते कसं कळतं? टिंक्चरला कॅलेंडर पुरतं. आसवाला कान आणि काडी लागते: भांड्याला कान लावला तर आवाज येत नाही, घातलेली पूड तळाशी बसलेली दिसते, आणि पेटती काडी तोंडाशी धरली तर ती विझत नाही. विझली म्हणजे गॅस अजून निघतोय, थांबा. आता ही काडीची परीक्षा कोणीतरी ऐकून टिंक्चरवर करेल ह्याची मला खरी भीती वाटते. ४० टक्क्यांच्या दारूवरची वाफ साधारण २६ अंशालाच पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात आमच्या किचनमध्ये त्याहून जास्त असतं. टिंक्चर गाळताना, पिळताना गॅस बंद, देवाजवळची समईसुद्धा लांब.

पिळायचं कसं ह्यावर मला जास्त बोलायचंय कारण इथेच घरगुती टिंक्चरचं नुकसान होतं. नुसतं गाळलं तर चोथ्यात भरपूर अर्क अडकून राहतो, म्हणून परदेशात लोक त्यासाठी खास प्रेस विकत घेतात. आपल्याकडे प्रत्येक घरात तो आधीच आहे, चकलीचा सोऱ्या. फिरकीचा, स्टीलचा घ्या; पितळेचा असेल तर राहू दे, आंबट-तुरट अर्क पितळेत जायला नको. चकलीची चांदणी नको, शेवेची बारीक भोकांची जाळी लावा. श्रीखंडाचा चक्का टांगायला वापरतो ते मलमलचं कापड स्वच्छ धुतलेलं, त्यात साबणाचा किंवा खळीचा वास नसावा, तेच थोड्या व्होडकात भिजवून पिळून घ्या, कारण कोरडं कापड पहिला अर्क स्वतःच पिऊन टाकतं. चोथ्याची छोटी पुरचुंडी करून सोऱ्यात बसवायची, खाली स्टीलचं पातेलं, आणि फिरकी हळू. अगदी हळू. घट्ट लागली की थांबा, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, धार थेंबावर येते, मग परत अर्धा फेरा. घाईने जोर लावला तर कापड फाटतं आणि चोथा जाळीतून शेवेसारखा बाहेर येतो, मग परत पहिल्यापासून गाळा. माल भरडच ठेवायचा तोही ह्याच कारणाने, मिक्सरमध्ये पीठ केलं तर चिखल होतो आणि कापडाची भोकं बुजतात, हळद पावडर तर पिळलीच जात नाही म्हणा ना.

पिळून झालं की लगेच बाटलीत भरू नका. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो, वरचं स्वच्छ अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, उरलेल्या गढूळ भागासाठी कॉफीचा फिल्टर पेपर. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी बाटलीच्या बुडाशी परत थोडा थर दिसला तर तो बिघाड नाही, आणि पाण्यात टाकल्यावर बडीशेपेचं टिंक्चर दुधाळ झालं तर तोही नाही, अल्कोहोल पातळ झाल्यावर तेलं पाण्यात विरघळलेली राहत नाहीत एवढंच.

आसव मात्र सोऱ्यात घालायचं नाही, पिळायचंसुद्धा नाही. तळाशी यीस्टचा लगदा आणि पुडीचा गाळ असतो, पिळलं की तो सगळा वर येतो, बाटली गढूळ होते आणि पुन्हा आंबायला लागते. शांतपणे निथळून घ्यायचं, कापडातून आपोआप जेवढं उतरेल तेवढं, बाकी सोडून द्यायचं. जीव तुटतो, पण तसंच करायचं.

साठवणीत दोघांना काळोख आणि गडद काच चालते, तेवढंच साम्य. टिंक्चर नीट झालं असेल तर काही वर्षं राहतं. फक्त मोठ्या बाटलीला ड्रॉपरचं झाकण लावू नका, अल्कोहोलच्या वाफेने रबराचा फुगा चिकट होऊन गळायला लागतो, साधं फिरकीचं झाकण लावा आणि रोजच्या वापरापुरतं छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत काढा. प्लास्टिक नको. लेबल पेन्सिलने, कारण एक थेंब ओघळला की पेनाची शाई गेली आणि मग कपाटात पाच अनोळखी बाटल्या. लेबलवर वनस्पती, ओली की वाळलेली, प्रमाण, दारूचे टक्के, तारीख. आसवाबद्दल जुने वैद्य म्हणतात जुनं तेवढं चांगलं, आणि नीट बंद असेल तर ते खरंही आहे, पण उघडलेली अर्धी बाटली हवेने व्हिनेगर व्हायला लागते. आंबट वास आला की टाकून द्या. माझं मत विचाराल तर टिंक्चर घरी करा आणि आसव दुकानातून आणा. तिथे निदान अल्कोहोल किती ते कोणीतरी मोजलेलं असतं.

आता काकूंचा पोटात गेल्यावरचा मुद्दा. आसव १५ ते ३० मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. टिंक्चर साधारण एखाद-दोन मिली. गंमत अशी की कडक बाटली टिंक्चरची असली तरी डोसमधली दारू आसवात जास्त जाते: १ मिली टिंक्चरमध्ये ०.४ मिली अल्कोहोल, आणि ८ टक्क्यांच्या ३० मिली अरिष्टात २.४ मिली, सहापट. म्हणून "आयुर्वेदिक आहे, त्यात काय" म्हणून लिव्हरच्या पेशंटला, दारू सोडलेल्या माणसाला, गरोदर बाईला किंवा मेट्रोनिडाझोलची (जंतुसंसर्गावर देतात ती) गोळी चालू असलेल्याला ते हातात देऊ नका. उलट आसवाच्या सवयीने कोणी टिंक्चर औषधाच्या कपाने ३० मिली घेतलं तर तो सरळ एक स्मॉल पेग झाला, वर वनस्पतीचा डोस तीसपट. ज्येष्ठमधाचं तर मुद्दाम सांगते, जास्त आणि रोज घेतलं तर बीपी चढतं, गोड लागतं म्हणून हात सैल सुटतो. गुळवेलीच्या बाबतीत २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेल्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद राहू दे बाजूला, पण घरी करायला पहिली वनस्पती म्हणून गुळवेल निवडू नका, आलं-बडीशेप काय वाईट आहे?

आणि माल जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा वाशीच्या मसाला मार्केटमधून आणा, येऊरला फिरायला गेल्यावर ओरबाडू नका. ते नॅशनल पार्क आहे, आणि तिथली ओळखलेली वेल तीच असेल ह्याची गॅरंटी आपल्यातल्या किती जणांना आहे? राहिला चोथा. टिंक्चरचा चोथा पिळूनही दारूने ओला असतो, तो गॅसशेजारच्या डब्यात टाकू नका, गॅलरीत ताटात पसरून वास जाईपर्यंत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्यात. आसवाचा चोथा त्याच दिवशी बाहेर काढा, गुळाला मुंग्या तासाभरात लागतात.