अरेनीच्या गुहेतला उजव्या पायाचा जोडा

आर्मेनियाच्या दक्षिणेला वायोत्स झोर प्रांतात, अर्पा नदीच्या काठी अरेनी नावाचं डोंगराळ गाव आहे. आजूबाजूला लालसर कडे आणि द्राक्षाचे मळे. गावाजवळच्या चुनखडीच्या कड्यात एक गुहा आहे. पुरातत्त्वज्ञ तिला 'अरेनी-१' म्हणतात.

२००८ साली या गुहेत खोदकाम चालू असताना दियाना झारदारियान या तरुण संशोधिकेला एका खड्ड्यात, पालथ्या पडलेल्या फुटक्या मडक्याखाली, चामड्याचा एक जोडा सापडला. फक्त उजव्या पायाचा. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती गुंडाळून पुढे-मागे भोकं पाडलेली, आणि त्यांतून चामड्याचीच वादी ओवलेली. लांबी साधारण साडेचोवीस सेंटीमीटर. आत गवत कोंबलेलं होतं. ते पाय उबदार राहावा म्हणून, की जोड्याचा आकार बिघडू नये म्हणून, यावर संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या. मला दुसरी जास्त पटते. जोडा काढून ठेवणारा माणूस तो परत घालणार होता, असं ते गवत सांगतं.

जोडा इतका धड होता, की तो सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा असावा असं आधी वाटलं. मग चामड्याचे आणि गवताचे बारीक नमुने ऑक्सफर्ड आणि कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळांत गेले. जनावर किंवा झाड मेलं की त्याच्यातला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटू लागतो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला मोजला की वय कळतं. उत्तर आलं सुमारे साडेपाच हजार वर्षं! गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या कितीतरी आधीचा हा जोडा.

चामडं एवढी वर्षं टिकलं कसं? गुहा थंड आणि कोरडी, आणि ओल नसली की कुजवणाऱ्या जिवाणूंचं फारसं काही चालत नाही. त्यावर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर साचत गेला आणि खालच्या वस्तूंवर झाकण घट्ट बसावं तसा बसला. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

याच गुहेत द्राक्षं तुडवायची जागाही निघाली. मातीने लिंपलेली उथळ, काठ असलेली जागा, उतार एका बाजूला, आणि उताराच्या तोंडाशी जमिनीत पुरलेला रांजण. पायाने द्राक्षं तुडवायची, रस आपोआप रांजणात. सोबत बिया, देठ, वाळलेला चोथा. काळ इ. स. पूर्व ४००० च्या आसपास, म्हणजे जोड्याहूनही पाचेकशे वर्षं आधीचा. रांजणाच्या खापरांवर माल्व्हिडिन सापडलं. काळ्या द्राक्षाला आणि लाल वाइनला रंग देणाऱ्या द्रव्यांपैकी हे एक. डाळिंबातही ते असतं, पण चोथा आणि बिया द्राक्षाच्याच होत्या. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा याहून जुना वाइनचा कारखाना जगाला माहीत नव्हता.

आजही इथे 'अरेनी' नावाचंच काळं द्राक्ष लावतात. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या मुळं शोषणाऱ्या किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, आणि तेव्हापासून तिथे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर (म्हणजे मुळांकडच्या भागावर) कलम करणं भाग पडलं. आपल्या नाशिक-सांगलीकडे डॉगरिज या जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करतात, ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारट जमीन सोसावी म्हणून. वायोत्स झोरला मात्र ती कीड पोचली नाही, म्हणून तिथल्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

गावात मोमिक या वास्तुकार-शिल्पकाराने १३२१ साली बांधलेलं चर्च आहे. जवळच्या घळीतल्या नोरावांक मठातलं दुमजली चर्चही त्याच्याच नावावर आहे. तिथे वरच्या मजल्यावर जायला भिंतीतून बाहेर आलेल्या अरुंद दगडी पायऱ्या आहेत, आणि त्या चढताना प्रत्येक पाऊल जपूनच टाकावं लागतं.

जोडा आता येरेवानच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्याच्या जोडीचा, डाव्या पायाचा, गुहेत मिळालेला नाही.