कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा चीक

टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमात बाई म्हणाल्या, "आता दोन चमचे मक्याचं पीठ पाण्यात कालवून घाला." पडद्यावर दुधासारखं पांढरं पाणी कढईत पडलं आणि बघता बघता मंचुरियनचा रस चकाकायला लागला. मक्याचं पीठ आमच्या घरी होतंच. गावाकडून आलेला मका भाकरीसाठी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणलेला. मीही मोजून दोन चमचे घेतले, कालवले आणि घातले. रस पिवळट, गढूळ झाला, जिभेला रवाळ लागला आणि कच्च्या पिठाचा वास काही केल्या जाईना. कोबीचे गोळे तर आधीच तेलात फुटले होते.

आठवड्याने कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात गेले तेव्हा कॉर्नफ्लोअरचा पुडा आणला. आपल्याकडे बरेच जण त्याला 'कॉर्नफ्लॉवर' म्हणतात. तसं मागितलं तरी मिळतं. सासूबाईंनी त्यातली चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे पीठ कुठलं? हा तर चीक. कुरडयांचा असतो तसा."

त्या एका वाक्यात सगळा उलगडा होता.

कुरडयांसाठी आपण काय करतो? गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, मग वाटून, पिळून चोथा वेगळा काढतो. गाळलेलं पाणी रात्रभर ठेवलं की वर निवळ येते आणि तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो. कारखान्यात मक्याचं हेच होतं, फक्त यंत्रांवर. दाणे कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. मग भरडून त्यातला तेलकट कोंब काढतात, कोंडा गाळून टाकतात, प्रथिनांचा भाग वेगळा करतात आणि उरलेला स्टार्च वाळवतात. तो वाळलेला स्टार्च म्हणजे कॉर्नफ्लोअर. मक्याच्या पिठात हे सगळं कमीअधिक एकत्रच असतं, कारण आख्खा दाणा जात्याच्या दोन दगडांमध्ये भरडला गेलेला असतो. म्हणून त्याला चव असते, वास असतो, पिवळेपणा असतो. कॉर्नफ्लोअरला यातलं काहीच नसतं आणि स्वयंपाकात त्याचं काम नेमकं त्यामुळेच होतं. गव्हाची कणीक आणि गव्हाचा चीक यांत आपण कधी गोंधळ करत नाही, कारण दोन्ही घरात होताना पाहिलेले असतात. मक्याचा चीक मात्र थेट पुड्यातूनच आपल्यापुढे येतो.

त्यात नावाने घोळ घातला. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्च आणि आपण तोच शब्द घेतला. अमेरिकेत त्याच वस्तूला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्न फ्लोअर म्हणजे खरंच मक्याचं पीठ. अमेरिकन कार्यक्रम पाहून करणार असाल तर हे आधी ध्यानात घ्या. आणि मराठी कार्यक्रमांत कॉर्नफ्लोअरचं शब्दशः भाषांतर करून 'मक्याचं पीठ' म्हणू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. घरची बाई सामान वाया गेलं की स्वतःच्या हाताला दोष देते. दोष त्या शब्दाचा असतो.

मंचुरियन तसं चीनमधलं नव्हे. १९७५ साली मुंबईत नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. पण रस दाट करण्याची रीत मात्र अस्सल चिनी स्वयंपाकाची आहे. आपल्या तांबड्या रश्शाला अंगच येतं ते खोबरं, तीळ, कांदा-लसणाच्या वाटणातून, पांढऱ्याला काजू-खसखशीतून. म्हणजे जे दाट करतं तेच चवही देतं. चिनी रसात स्टार्च फक्त दाटपणा आणि चमक देतो, चव आलं, लसूण आणि सोया सॉसची राहते. मक्याचं पीठ घातलं की त्याची स्वतःची चव या सगळ्यांच्या अंगावर येते.

स्टार्चचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. म्हणून कढईत ओतण्याच्या क्षणी वाटी पुन्हा ढवळायची. पाणी गारच हवं. गरम पाण्यात बाहेरून शिजून आत कोरड्या गुठळ्या होतात. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला हे कण पाणी पिऊन फुगतात आणि रस पारदर्शक होतो. चीक शिजवताना तो पांढऱ्याचा काचेसारखा होतो ना, तेच हे. वाटीभर रसाला एक मोठा चमचा पुरतो. एक-दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. फार वेळ रटरटवलं की रस पुन्हा सैल पडतो, व्हिनेगरनेही पडतो, म्हणून व्हिनेगर शेवटी घालावं. आणि चव बघितलेला चमचा परत कढईत घालू नका. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च तोडतं आणि रस पाणचट होतो.

तळण्यातही फरक पडतो. गोळ्यांत कॉर्नफ्लोअर घातलं की ते कोबीचं सुटलेलं पाणी धरून ठेवतं आणि बाहेरून कुरकुरीत पापुद्रा येतो. चिकनच्या पातळ तुकड्यांना अंड्यातला पांढरा भाग आणि कॉर्नफ्लोअर चोळून अर्धा तास ठेवा, मग गरम तेलातून झटकन काढा. मांस इतकं मऊ राहतं की आपल्या सुक्क्याची सवय असलेल्या जिभेला नवल वाटावं. ही चिनी रीत मक्याच्या पिठाने साधत नाही. पीठ तुकड्यावर वाळूसारखं बसतं.

पुड्यावरचं नाव पुसलं असेल तर रंगावर जाऊ नका, पांढऱ्या मक्याचं पीठही पांढरंच असतं. चिमूट बोटांत दाबा. कॉर्नफ्लोअर करकरतं. थोड्या पाण्यात घट्ट कालवून बोट हळू घातलं तर आत जातं, जोरात मारलं तर दगडासारखं लागतं. पिठाचं असं होत नाही.

मक्याचं पीठ चिनी स्वयंपाकात परकं आहे असं मात्र समजू नका. उत्तर चीनमध्ये त्याचे शंकूच्या आकाराचे, तळाशी पोकळ गोळे वाफवतात, वोतोउ म्हणतात त्यांना. गरिबाघरचं ते पोटभरीचं अन्न, आपल्या भाकरीसारखं.

कॉर्नफ्लोअर संपलं असेल तर पिठाच्या डब्याकडे न वळता तवकीर घ्या. तीही स्टार्चच आहे आणि रस छान चमकतो. आणि गव्हाचा चीक? कॅन्टोनी स्वयंपाकात हार गाऊ नावाचे कोळंबीचे वाफवलेले मोदकासारखे घास असतात. त्यांची पारदर्शक पारी मुख्यतः गव्हाच्या स्टार्चची, उकळतं पाणी घालून मळलेली. यंदा कुरडया घालताना सासूबाईंकडून वाटीभर चीक मागून घेणार आहे, वाळवून ठेवायला.