गोमांसासाठीच्या गुरांचे फिनिशिंग : कुरणावरचे आणि धान्यावरचे

मांसासाठी पाळलेल्या जनावराला कत्तलीपूर्वीच्या शेवटच्या काही महिन्यांत भरपूर खाऊ घालून अंगाने भरवणे, याला पशुव्यवसायात फिनिशिंग म्हणतात. या काळात हाडांची वाढ मंदावते, स्नायू भरतात आणि चरबी धरू लागते. ही चरबी हिरव्या कुरणावर धरते की मक्यावर, यावरून जनावराचे कत्तलीचे वय, मांसाची चव आणि शेतकऱ्याचा हिशोब बदलतो.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. धान्यावर भरवलेले जनावर जन्मभर धान्य खात नाही. अमेरिकेत वासरू सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत आईबरोबर माळावर चरते. दूध तुटल्यावरही बरीच वासरे काही महिने गवतावर किंवा कॅन्सस-ओक्लाहोमाकडच्या कोवळ्या गव्हावर काढतात. त्यानंतरचे साधारण चार ते सहा महिने ती फीडलॉटमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या मोठ्या उघड्या वाड्यांत, दावणीवर खातात. वाद आहे तो याच अखेरच्या टप्प्याचा.

मक्यावर गुरे भरवण्याची रीत अमेरिकेत जुनी आहे. ओहायोतल्या सायोटो नदीच्या खोऱ्यातले शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मक्यावर पोसलेली गुरे डोंगर ओलांडून पूर्वेच्या शहरांकडे हाकत नेत. पोते भरून मका वाहून नेण्यापेक्षा तो जनावराच्या अंगावर घालून चालवत नेणे परवडत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर या रीतीचा उद्योग झाला. संकरित मका आणि स्वस्त नत्रखतांनी धान्याचे ढीग लागले, ओगलाला भूजलसाठ्यावर पंप बसले आणि कोलोरॅडो, नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास या कोरड्या मैदानांत फीडलॉट उभे राहिले. कोलोरॅडोतल्या ग्रीली गावचे वॉरन मॉन्फर्ट हे या व्यवसायाच्या आद्य उभारणीकारांपैकी एक. आज एक हजाराहून अधिक जनावरांची क्षमता असलेले फीडलॉट संख्येने थोडे आहेत, पण धान्यावर भरवलेली बहुतांश गुरे तिथूनच विकली जातात.

खरी अडचण जनावराच्या पोटात आहे. गाईचे कोटीपोट, म्हणजे तिच्या जठराचा पहिला मोठा कप्पा, गवतासाठी घडले आहे. तिथले सूक्ष्मजीव तंतुमय चारा सावकाश आंबवतात आणि रवंथ करताना सुटणारी लाळ आम्ल शमवत राहते. मक्यातला स्टार्च मात्र झपाट्याने आंबतो. खुराक एकाएकी बदलला तर लॅक्टिक आम्ल साठते, कोटीपोटाच्या अस्तराला जखमा होतात आणि तिथून जिवाणू यकृतात जाऊन गळवे धरतात. सुटलेल्या गाईने खळ्यावरच्या राशीत तोंड घातल्यावर काय होते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पोटातला बिघाड तोच. म्हणून फीडलॉटमध्ये सुमारे तीन आठवडे धान्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढवतात आणि शेवटपर्यंत थोडा तरी सुका चारा ठेवतात. १९७५ साली अमेरिकेत गुरांसाठी मान्यता मिळालेले मोनेन्सिन हे औषधही हा बिघाड आवरण्यासाठी खाद्यात घालतात. या सगळ्या तजविजीतूनच दिसते की हा खुराक जनावराच्या पोटाच्या मर्यादेपर्यंत ताणलेला आहे.

बदल्यात वेग मिळतो. फीडलॉटमध्ये दिवसाला दीड किलोच्या आसपास वजन चढते. चांगल्या कुरणावर बहुधा त्याच्या निम्मे. त्यामुळे कुरणावरचे जनावर तयार व्हायला कित्येक महिने जास्त लागतात. शिवाय कुठल्याही गवतावर चरबी धरत नाही. वाळलेल्या, काडी झालेल्या गवतावर जनावर फक्त तगते. भरवायचे तर कोवळे रायगवत, क्लोव्हर किंवा लसूणघास लागतो, आणि कुरणाच्या आज या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात गुरे फिरवणारा जाणता माणूस लागतो. आयर्लंड, न्यूझीलंड आणि उरुग्वेत हे जमते, कारण तिथे पाऊस बराचसा वर्षभर विभागून पडतो आणि थंडीही बेताची असते.

अर्जेंटिनात पाम्पास या सपाट गवताळ प्रदेशातल्या लसूणघासावर गुरे भरवण्याला ‘इन्व्हेर्नादा’ हे खास नाव आहे. १९९० च्या दशकानंतर सोयाबीनने तिथल्या सुपीक जमिनी घेतल्या. गुरे उत्तरेकडे सरकली किंवा शेवटचे काही महिने वाड्यांत आली. चव बदलावी म्हणून हे कोणी केले नाही. जमिनीचे भाव बदलले.

कुरणावरच्या जनावराची चरबी गवतातल्या कॅरोटीन या रंगद्रव्यामुळे पिवळसर असते. मांसात ओमेगा-३ मेदाम्ले जास्त असतात, पण माशांच्या तुलनेत ती थोडीच. धान्यावरच्या मांसात चरबीचे बारीक जाळे दाट असते. अमेरिकेची सरकारी प्रतवारी (प्राइम, चॉइस, सिलेक्ट) मुख्यतः हे जाळेच मोजते, त्यामुळे तिचा कल धान्याकडे झुकलेला आहे.

पर्यावरणाचा हिशोब सरळ नाही. धान्यावरचे जनावर लवकर तयार होते आणि त्या खुराकावर मिथेनही कमी सोडते, म्हणून किलोमागे त्याचा मिथेनचा वाटा कमी पडतो. पण ओगलालाची उतरती पाणीपातळी, वाड्यांतले शेणाचे ढीग आणि मक्याच्या शेतांतून मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात जाणारे नत्र त्या किलोत मोजले जात नाही. नीट राखलेले कुरण जमिनीत कार्बन साठवते, मात्र काही वर्षांनी ही साठवण मंदावते.

अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ग्रास-फेड’ या विक्रीच्या दाव्यासाठी २००७ मध्ये ठरवलेले मानक जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतले. सगळीच गुरे आयुष्याचा बराच काळ गवत खात असल्याने नुसता ‘ग्रास-फेड’ हा शब्द पुरत नाही. जनावर शेवटपर्यंत गवतावर होते का, हे ‘ग्रास-फिनिश्ड’ या शब्दाने विचारावे लागते.